क्रूझ संपते त्याच दिवशी विमान?

रोमची क्रूझ म्हणून विकली जाणारी बहुतेक जहाजे थांबतात चिवितावेक्कियाला. हे बंदर रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. फ्युमिचिनो विमानतळही तिथून साठेक किलोमीटर दूर.

● वेळ : जहाज पहाटे धक्क्याला लागले, तरी सगळे प्रवासी उतरेपर्यंत साधारण साडेनऊ वाजतात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. त्यामुळे दुपारी दोननंतरचेच विमान घ्यावे.

● सामान : मोठ्या बॅगा आदल्या रात्री टॅग लावून केबिनबाहेर ठेवाव्या लागतात. पासपोर्ट, औषधे आणि सकाळचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. स्वतःचे सामान स्वतः उचलून नेणाऱ्यांना अनेक जहाजांवर आधी उतरता येते.

● वाहन : विमानतळासाठी जहाज कंपनीची बस किंवा आधी ठरवलेली टॅक्सी सोयीची. रेल्वेने जाताना रोमा त्रास्तेव्हेरे स्थानकात गाडी बदलावी लागते.

● तिकीट : मुंबईपर्यंतचा प्रवास एकाच तिकिटावर असावा. पुढचे विमान चुकले, तर पर्याय देणे विमान कंपनीवर येते.

● व्हिसा : शेंगेन व्हिसात एक-दोन दिवस शिल्लक ठेवा. धुके किंवा वादळामुळे जहाजाला उशीर होऊ शकतो.

सकाळचेच विमान हवे असेल, तर एक रात्र रोममध्ये मुक्काम करावा.