कंबरेवरची जखम भरत नसेल तर...

सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की जुळे सोलापुरातल्या मेडिकलमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते : "खाजेची एखादी चांगली ट्यूब द्या." परकराची नाडी बांधतो तिथे घाम साचतो, कातडी काचते, नायटा होतो. बहुतेकदा प्रकरण एवढ्यावरच थांबतं. पण क्वचित त्याच जागी कर्करोगही होतो.

टाटा मेमोरियलचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतराच्या काचणीतून होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये अशाच काचणीतून कर्करोग झालेल्या दोन बायकांची माहिती आली. नऊवारीखाली परकर घट्ट बांधणाऱ्या सत्तरीच्या आजींची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसऱ्या बाई परकर न घालता लुगडं कंबरेला आवळत. त्यांचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

मग ओळखायचं कसं? नायटा गोल पसरतो. कड लाल, खवलेदार, मधला भाग त्यामानाने स्वच्छ, खाज जबर. बुरशीच्या योग्य औषधाने तो काही आठवड्यांत ओसरतो. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली तर खाज थांबते, नायटा मात्र रूप बदलून पसरतो आणि डॉक्टरांनाही चकवतो. नाडीचा वळ काळपट, खरखरीत पट्ट्यासारखा दिसतो. कातडी फुटलेली नसते. कर्करोगात कातडी फुटते. कडा उंच आणि टणक होतात, जरा धक्का लागला की रक्त येतं, खपली धरते आणि पुन्हा सुटते. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

नुसत्या नजरेने अनुभवी डॉक्टरही खात्री देत नाहीत. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात आणि तपासतात, हीच बायोप्सी. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. पसरतो तो उशिरामुळे. सोलापुरात सिव्हिलच्या त्वचारोग विभागात दाखवता येतं, आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे.

नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, गाठ सैल ठेवावी, बांधायची जागा अधूनमधून बदलावी. आणि तीन-चार आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेसाठी दुसरी ट्यूब मागू नये, बायोप्सीबद्दल विचारावं.