मुंबईत कोशर हॉटेल शोधून सापडत नाही, ते का?

गव्हाचा चीक म्हटला की आपल्या वऱ्हाडात एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते, कुरोड्या. उन्हाळ्यात गहू भिजत घालायचे, तीन दिवस पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून गच्चीवर टाकायचा. माझ्या पीएच.डी.चा विषय स्टार्च, त्यामुळे या चिकाशी माझा रोजचा संबंध. वाचता वाचता कळलं की हाच चीक रायगड-मुंबईकडच्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरी नव्या वर्षाच्या सणाला हलव्यासाठी लागतो. त्यात गाईम्हशीच्या दुधाऐवजी नारळाचं दूध घालतात. असं का, ते शोधायला गेलो आणि एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर हाती लागलं: महाराष्ट्रात ज्यू समाज इतकी शतकं राहतोय, मग मुंबईत कोशर हॉटेलं का दिसत नाहीत?

आधी थोडी ओळख. बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. पुढे गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं आहे.

आता कोशर म्हणजे काय ते बघू. कोशर म्हणजे धर्मनियमांनुसार खायला चालणारं. ढोबळमानाने नियम असे:

१. खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा, असे दोन्ही गुण असलेलाच प्राणी चालतो. बकरी चालते, डुक्कर नाही.

२. मासा पर आणि खवले असलेलाच हवा. पापलेट चालतं, कोळंबी, खेकडा, तिसऱ्या नाहीत.

३. प्राणी प्रशिक्षित माणसानेच, धारेला खाच नसलेल्या सुरीने कापायचा. या माणसाला शोहेत म्हणतात. नंतर मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून रक्त काढायचं.

४. मांस आणि दूध एकत्र नाही. एका भांड्यात नाही, एका जेवणात नाही.

५. धान्य, भाज्या, फळं, अंडी, मासे हे 'तटस्थ'. हिब्रूत त्याला पारवे म्हणतात. ते दुधासोबतही जातं आणि, माशाबाबतचे काही रिवाज सोडले, तर मांसाच्या जेवणातही जातं.

यादी वाचून वाटेल, सोपं आहे की! आपल्याकडे 'जैन पावभाजी' मिळते तशी 'कोशर बिर्याणी' मिळायला काय हरकत आहे? अडचण अशी की कोशरपणा ताटातल्या पदार्थावर ठरत नाही, तो अख्ख्या साखळीवर ठरतो. बकरी कोणी कापली, मीठ किती वेळ लावलं, कढई आधी कशासाठी वापरली, हे सगळं बघावं लागतं. आणि तयार पदार्थ तपासून यातलं फारसं काही कळत नाही. कापलेल्या मांसातून गळणारा लाल द्रवसुद्धा बहुतांशी रक्त नसतो. तो रंग मायोग्लोबिन या स्नायूतल्या प्रथिनाचा. त्यामुळे रंग बघून निकाल लावता येत नाही. प्रक्रिया डोळ्यांसमोर झाली पाहिजे.

म्हणून कोशर हॉटेलला स्वयंपाकघरावर लक्ष ठेवणारा जाणकार माणूस लागतो. मांस आणि दूध दोन्ही ठेवायचं तर भांडी, चुली, धुण्याच्या जागा वेगळ्या. शोहेतने कापलेलं मांस नियमित मिळायला हवं. वर शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत धंदा बंद, म्हणजे मुंबईत गर्दीचा ऐन वेळ गेला. हा खर्च भरून निघायला गिऱ्हाईक हवं. न्यूयॉर्कमध्ये ते लाखांत आहे. आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत देशभरात २५ हजारांहून जास्त ज्यू होते. इस्रायलकडे स्थलांतर होत गेलं आणि २०११ च्या जनगणनेत ही संख्या ५ हजारांच्याही आत आली. त्यातही रोज बाहेर जेवणारे किती?

परदेशी पाहुण्यांची सोय वेगळी झाली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमधल्या खबाद केंद्रात ज्यू प्रवाशांना कोशर जेवण मिळायचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, २०१४ मध्ये पुन्हा उघडलं. पण हा प्रवाशांचा आसरा होता, इथल्या समाजाचं रोजचं जेवण नव्हे.

मग इथल्या समाजाने कोशर पाळलं कसं? घरात. आणि बाहेर जेवायची वेळ आली तर शाकाहारी थाळीवर भागवायचं. शुद्ध शाकाहारी हॉटेलांच्या या देशात मांस-दूध एकत्र येण्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. अगदी काटेकोर पाळणाऱ्याला तेवढंही पुरत नाही, पण पुष्कळांचं भागतं.

कोकणात पाठ्यपुस्तकाशिवाय हे नियम टिकले याची एक गोष्ट समाजात सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचे ज्यू विद्वान आले, तेव्हा हे लोक खरंच ज्यू आहेत का हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी बायकांसमोर मिसळीचे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले, बाकीचे बाजूला काढले. रहाबींचा काळ कोणता यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण चाचणी म्हणून ही गोष्ट मला फार आवडते: प्रश्न न विचारता, सवयीवरून ओळख.

आता नारळाच्या दुधाकडे येऊ. जेवणात मटण असेल तर त्यानंतर खीर, बासुंदी, आइस्क्रीम सगळं बाद. गोड तर हवं. कोकणात नारळ दारात. नारळाचं दूध नावाचंच दूध, नियमाने तटस्थ. म्हणून रश्श्यातही तेच, गोडातही तेच.

रसायनशास्त्राच्या नजरेने मात्र हे दूध गाईच्या दुधापेक्षा वेगळं वागतं. त्यात केसिन हे प्रथिन नसतं, म्हणून आमसूल घातलं तरी त्याचं पनीर होत नाही. सोलकढी जमते ती त्यामुळेच. उलट उष्णतेला ते नाजूक. तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आवरणामुळे पाण्यात तरंगत असतात. साधारण ८० अंशांच्या पुढे ही प्रथिनं गोळा व्हायला लागतात, आवरण सुटतं आणि दूध फुटून तेल वर येतं.

इथे आपला चीक कामाला येतो. गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतो आणि मिश्रण दाट होतं. दाट मिश्रणात तेलाचे थेंब एकमेकांना सहज भेटत नाहीत, म्हणून दूध फुटणं लांबतं. साखर मात्र पाणी धरून ठेवते, त्यामुळे स्टार्चला फुगायला जास्त उष्णता लागते. हलवा एवढा वेळ घोटत बसावा लागतो, त्याचं एक कारण हे. थंड झाल्यावर स्टार्चमधले अमायलोजचे लांब रेणू एकमेकांना धरतात आणि वड्या कापता येतात. आपली कुरोडी सोऱ्यातून पडल्यावर आकार धरते, ती याच गुणामुळे.

काही घरांत हलव्यात चायना ग्रास घालतात. तो समुद्री शेवाळापासून मिळतो. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांचं, म्हणून ते कुठल्या प्राण्याचं आणि कसं काढलं हा प्रश्न उभा राहतो. शिवाय जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आत वितळते, चायना ग्रासची ८५ अंशांच्या आसपास. म्हणजे नियमातही बसतो आणि मुंबईच्या उकाड्यातही टिकतो.

आणखी एक गोष्ट. वल्हांडणाच्या म्हणजे पासओव्हरच्या सणात आंबवलेलं धान्य घरात चालत नाही. बेने इस्रायली या सणाला जुन्या काळी 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत, म्हणजे आंबटाचं भांडं झाकून ठेवायचा सण. हिब्रू नाव विस्मरणात गेलं, पण भांडं झाकायची कृती राहिली!

मला यातली काळजीची गोष्ट इथेच दिसते. हॉटेलचा मेन्यू लिहिलेला असतो, आचारी बदलला तरी कोणीतरी तो पुढे चालवतो. घरातलं ज्ञान हातात असतं: चीक किती आंबू द्यायचा, दूध कधी घालायचं, कुठला मासा बाजूला काढायचा. इस्रायलमध्ये गेलेल्या मराठी ज्यूंना कोशर मांस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. तिथे नियम सांभाळायला सगळा देश आहे, मराठी हात सांभाळायला मात्र घरच. इथे उलट: चव शेजारीपाजारीही आहे, नियम जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत.

तेव्हा उन्हाळ्यात घरी चीक शिजेल तेव्हा दोन वाट्या बाजूला काढा. नारळाचं दूध आणि साखर घालून मंद आचेवर घोटून बघा. आणि आजी 'आता झालं' म्हणेल तेव्हा तिला नेमकं काय दिसलं, ते विचारून लिहून ठेवा.