काम संपले, किल्ली मात्र खिशातच

बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावची असंख्य मुले लातूरला येऊन राहतात. समजा, परीक्षा संपल्यावर त्यांतील एकाने खोलीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घालून तो नांदेडला घरी गेला. खोलीत कोणी नाही, तरी ती दुसऱ्याला देता येत नाही. असे दर वर्षी चार-पाच जणांनी केले, तर रिकाम्या खोल्या असूनही वसतिगृह भरलेलेच! संगणकातही असे घडते.

या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या गुणपत्रिका तयार करणारा, जावा भाषेतील एक सर्व्हर आपण डोळ्यांसमोर आणू. तो रात्रंदिवस चालू असतो. प्रत्येक काम त्याच्याकडे 'जार' फाईलच्या रूपात येते. जार म्हणजे सूचनांचे गाठोडे. सर्व्हर त्याची तात्पुरती प्रत डिस्कवर ठेवतो. 'क्लासलोडर' हा घटक ते गाठोडे उघडून लागतील तशा सूचना स्मृतीत आणतो. काम झाले की प्रत पुसायची, इतके हे सोपे. मग ऐन निकालाच्या दिवशी डिस्क भरून काम ठप्प का होते?

क्लासलोडरने फाईल उघडीच ठेवलेली असते. विंडोज अशी फाईल पुसू देत नाही. जावातील पुसण्याची जुनी आज्ञा अशा वेळी तक्रार न करता नुसते 'नाही' असे उत्तर देते, आणि ते तपासायचे अनेकदा राहून जाते. लिनक्समध्ये तर आणखी गंमत. फाईलचे नाव यादीतून जाते, पण ती उघडी असेपर्यंत जागा सुटत नाही. फोल्डर रिकामे, डिस्क भरलेली!

शाळेतील विंडोज संगणकावर हे करून पाहता येईल. एक फाईल वर्डमध्ये उघडून ठेवा आणि फोल्डरमध्ये जाऊन ती पुसण्याचा प्रयत्न करा. (नोटपॅड नको, ते मजकूर वाचून फाईल लगेच सोडून देते.)

'सर्व्हर बंद होताना पुसा' अशीही आज्ञा जावात आहे. पण महिनोन्‌महिने बंदच न होणाऱ्या सर्व्हरला तिचा काय उपयोग? उलट पुसायच्या नावांची यादी स्मृतीत वाढत राहते. अचानक वीज गेली तर आज्ञा पाळलीच जात नाही.

यूआरएल-क्लासलोडर १९९८ मध्ये जावात आला. त्याला बंद करण्याची आज्ञा मात्र २०११ मध्ये, जावा ७ बरोबर आली. इतकी वर्षे किल्ली परत करण्याची सरळ रीतच नव्हती! आता क्रम पाळायचा: आधी काम थांबवा, मग लोडर बंद करा, मग फाईल पुसा.

एवढ्याने फाईल सुटते, स्मृती सुटेलच असे नाही. त्या कामाने मागे सोडलेला एखादा धागा, म्हणजे थ्रेड, चालू राहिला, तर तो आपल्या सूचनांना धरून ठेवतो, सूचना लोडरला, आणि लोडर आणलेल्या सगळ्या सूचनांना. ही साखळी तुटल्याशिवाय जावाचा सफाई कामगार त्यांना हात लावत नाही. अनेक ठिकाणी यावर सर्व्हरच बंद करून पुन्हा चालू करतात. त्याने स्मृती मोकळी होते. विंडोजवर राहून गेलेल्या प्रती मात्र डिस्कवर तशाच असतात, त्या वेगळ्या शोधून पुसाव्या लागतात.