पन्नासातले एक्कावन्न

२० जुलै २०२३ रोजी निफ्टी ५० मध्ये ५१ शेअर होते. छपाईची चूक नव्हे, खरंच ५१.

त्या दिवशी रिलायन्समधून जिओ फायनान्शिअल वेगळी झाली. तिचा शेअर अजून बाजारात यायचा होता, पण निर्देशांकाला तर भाव हवाच. मग सकाळी नऊ ते दहा खास सत्र भरलं. त्यात रिलायन्सचा भाव निघाला २,५८०. आदल्या दिवशीचा बंद भाव होता २,८४१.८५. वजाबाकी केली, उरले २६१.८५, तोच जिओचा भाव! २१ ऑगस्टला शेअर नोंदला जाईपर्यंत हा आकडा महिनाभर जागचा हलला नाही. पुढे शेअर ओळीनं लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला, लागला आणि त्यामुळे त्याला निर्देशांकातून काढणंही लांबलं. ‘निफ्टी म्हणजे पन्नासच’ असं धरून चालणारा प्रोग्रॅम त्या महिन्यात काय करणार?

आपल्याला निर्देशांक म्हणजे एक आकडा वाटतो. अल्गोसाठी, म्हणजे शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ती पंगत आहे, आणि पानावरची माणसं सतत बदलतात. सेन्सेक्सच्या पहिल्या तिसांत पद्मिनी बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती. आज तिथे शोधून सापडणार नाही.

खरी गंमत, खरं तर फसगत, इथेच आहे. आजची यादी घेऊन २००८ पासूनचा नफा तपासला, तर निकाल झकास येतो. येणारच! त्या यादीत सत्यम नाही. ७ जानेवारी २००९ ला एका दिवसात १७९ वरून चाळिशीवर आलेला तो शेअर तेव्हा निफ्टीत होता, आणि आपल्या अल्गोनं तो कदाचित घेतलाही असता. फक्त पास झालेल्यांचे पेपर मोजून शाळेचा निकाल शंभर टक्के लावावा, तसं हे.

म्हणून जाणते लोक नुसती नावं ठेवत नाहीत. नावापुढे ‘आला’ आणि ‘गेला’ अशा दोन तारखा ठेवतात. गेलेल्याची ओळ पुसायची नाही. बदल जाहीर कधी झाला, तेही वेगळं लिहायचं. कारण बातमी आधी येते आणि भाव तेव्हापासूनच हलू लागतो. शिवाय शेअरची बाजारातली चिन्हं बदलतात: इन्फोसिस २०११ पर्यंत ‘इन्फोसिसटेक’ होती, मग ‘इन्फी’ झाली. यंत्राला त्या दोन वेगळ्या कंपन्या वाटतात.

आणि एकाच नावाच्या दोन ओळीही येतात. जिओ फायनान्शिअलची पहिली ओळ २०२३ मधली, पाहुणीची. दुसरी २८ मार्च २०२५ पासूनची. या वेळी ती पन्नासातली एक होती. ब्रिटानिया आणि बीपीसीएल उठल्या, आणि झोमॅटोबरोबर ती पानावर बसली.