सध्या बघण्या-ऐकण्यासारखं काही

गणिताची धास्ती असेल तर ‘थ्री ब्लू वन ब्राउन’ हे यूट्यूब चॅनल बघाच. ग्रँट सँडरसन यांनी ते २०१५ मध्ये सुरू केलं. ॲनिमेशनसाठी ‘मॅनिम’ ही पायथन लायब्ररीही त्यांनीच लिहिली. उदाहरणार्थ, मॅट्रिक्स लावली की पडद्यावरची चौकोनांची जाळी तिरकी होते, ताणली जाते. एका चौकोनाचं क्षेत्रफळ जितक्या पट बदलतं, तोच डिटरमिनंट. जाळी उलटी झाली तर चिन्ह उणे. घोकंपट्टीची गरजच उरत नाही!

ऐकायला अमित वर्मांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा पॉडकास्ट. २०१७ मध्ये तो छोट्या भागांनी सुरू झाला. पुढे एकेका भागातल्या गप्पा कित्येक तासांच्या झाल्या. पाहुण्याचं बालपण, वाचन, काम सगळं सावकाश उलगडत जातं. बसमध्ये थोडं थोडं ऐका.

मराठीत ‘अमुक तमुक’ हा पॉडकास्ट जरूर ऐका. तुमचे आवडते पॉडकास्ट कोणते? कमेंटमध्ये सांगा.