बेगमपुऱ्यात खोली बघताना

काकू कुलूप काढतात आणि खोलीच्या आधी ड्रम दाखवतात. निळा, दोनशे लिटरचा. "नळ आठ-आठ दिवस येत नाही. हा भरून ठेवला तर आंघोळ, नाही तर बोंबला."

सकाळचे अकरा. जिन्यात आम्ही तिघं. पुढं येमेनचा जुना विद्यार्थी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी. करतोय, चौथं वर्ष. त्याच्यामागं परवाच आलेला नवा, हातात जड बॅग. शेवटी मी. माझं काम एवढंच, मराठी बोलायचं. मराठी माणूस सोबत असला की डिपॉझिट उतरतं, हा जुन्याचा शोध. शोध खरा निघतो, याची मला लाज वाटते.

जुना पाण्याचं गणित अरबीत समजावतो. नव्याला नवल वाटत नाही. तो सना शहरातला, तिथंही टँकरचीच वाट बघायची. मला मलिक अंबर आठवतो. येमेनच्या मोखा बंदरात विकला गेलेला हबशी पोरगा. पुढं त्यानंच 1610 मध्ये हे शहर खडकी नावानं वसवलं, नहर खणून गावात पाणी खेळवलं. आणि आम्ही चारशे वर्षांनी ड्रम बघतोय.

खाली ओट्यावर काका पासपोर्ट उलटसुलट करून बघतात. "पोलिसांचं लचांड नको बरं का मागं."

जुना मोबाइल काढतो. परदेशी भाडेकरू आला की मालकानं 24 तासांत ऑनलाइन कळवायचं, विद्यार्थ्यानं 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करायची. त्याला सगळं पाठ आहे. "मी भरतो काका. तुम्ही फक्त ओटीपी सांगा."

नवा एकदम मान वर करतो. "फकत?"

अरबीतही हाच शब्द, हाच अर्थ. मग तो सुटतोच. दुकान? आहे. तारीख? आहे. हिशेब? "तो तर आहेच," काका म्हणतात.

"विमान कुठून धरलं?"

"एडन."

काका पासपोर्ट खाली ठेवतात. "अरे, वासुदेव बळवंत फडके! तिथंच कैदेत वारले की, 1883 साली." फडके कोण, हे नव्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण या म्हाताऱ्याला एडन ठाऊक आहे, एवढं त्याला कळतं. इतका वेळ हातात धरलेली बॅग तो खाली टेकवतो.

डिपॉझिट दोन महिन्यांवरून एकावर येतं. काकू किल्ली देतात. कचऱ्याची गाडी कधी, किराणा कुठं, गच्चीवर कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे, सगळं सांगतात. नवा वहीत उजवीकडून डावीकडं भराभर लिहितो. शेवटी विचारतो, पाणी कधी?

"गुरुवारी," काकू म्हणतात.

"अल-खमीस," जुना सांगतो.

आज शुक्रवार आहे, आणि ड्रम अर्धा.