पहिली गाडी म्हणून छोटी स्पोर्ट्स कार घ्यावी का?

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी न्यू जर्सीहून ऑनलाइन ऐकणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला होता. मुलगा सतरा वर्षांचा. लायसन्स नुकतंच हातात आलंय, सुट्टीत काम करून पैसे साठवलेत आणि त्याला जुनी मियाटा घ्यायची आहे. ‘घेऊ द्यावी का?’ त्या दिवशी वेळ संपली होती, म्हणून आज आपण तोच प्रश्न घेणार आहोत.

आधी गाडीची ओळख. मियाटा म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोनच सीट, मागे दुमडता येणारं कापडी छत, इंजिन पुढे आणि त्याची ताकद मागच्या चाकांना. २०१६ साली या मॉडेलची दहा लाखावी गाडी तयार झाली. माझदा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे आपल्याकडे ती दिसत नाही. पण अमेरिकेत, ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना ती सेकंडहँड सहज मिळते.

स्पोर्ट्स कार म्हटलं की घरच्यांना पहिली भीती वाटते ती वेगाची. गंमत अशी, की पहिल्या मियाटाची ताकद होती साधारण ११५ हॉर्सपॉवर. आज तिथल्या बऱ्याच फॅमिली कारची ताकद यापेक्षा जास्त असते. म्हणजे नुसत्या ताकदीकडे बघून उत्तर मिळत नाही. आपण दोन वेगळे प्रश्न विचारू. गाडी हातातून सुटण्याची शक्यता किती? आणि धडक झालीच, तर आतल्या माणसाचं काय?

पहिला प्रश्न. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणावर जास्त वेगात गेली, तर सहसा पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. नवा ड्रायव्हर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. वजन पुढे येतं, पुढच्या चाकांना पकड मिळते आणि बहुतेक वेळा गाडी सावरते. म्हणजे इथे घाबरण्याचा उपयोगच होतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उलटं होऊ शकतं. ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला, की मागची चाकं घसरतात. घाबरून पाय एकदम उचलला, तर मागच्या चाकांवरचं वजन आणखी कमी होतं आणि मागचा भाग जास्तच फिरतो. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम सव्वादोन मीटर, त्यामुळे सगळं पटकन घडतं. अशा वेळी पाय हळूहळू उचलायचा असतो आणि मागचा भाग जिकडे घसरतोय, तिकडे स्टीअरिंग वळवायचं असतं. हे सरावलेल्या हाताला जमतं. सतरा वर्षांच्या मुलाचा हात अजून सरावलेला नसतो.

यावर उपाय आहे, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. तुम्ही स्टीअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय, हे तो सतत ताडून बघतो. फरक दिसला, की एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो आणि गरज पडली तर इंजिनची ताकद कमी करतो. एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका त्यामुळे जवळपास निम्मा होतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. २०१२च्या मॉडेलपासून तिथे तो सर्व नव्या कारना सक्तीचा झाला. मेख इथेच आहे. साठवलेल्या थोड्या पैशांत मुलाला जी मियाटा परवडते, ती बहुधा नव्वदच्या दशकातली. तिच्यात तो नसतो.

आता दुसरा प्रश्न, धडकेचा. इथे भौतिकशास्त्र सूट देत नाही. समजा, १००० किलोची छोटी कार आणि २००० किलोची एसयूव्ही, दोन्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या. दोन्ही मिळून एसयूव्हीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटरने सरकतील. म्हणजे एसयूव्हीच्या वेगात ३३चा बदल, छोट्या कारच्या वेगात ६७चा. क्षण तोच, पण छोट्या कारमधल्या माणसाला बसणारा झटका दुप्पट.

‘पण तिला युरो एनकॅपचे स्टार आहेत ना?’ आहेत. २०१५ साली नव्या एमएक्स-५ला पाचपैकी चार मिळाले. पण त्या वेळच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी एका स्थिर अडथळ्यावर आदळवत. ते साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर होण्यासारखं. दुप्पट वजनाची गाडी समोरून आली तर काय, हे त्या स्टारवरून कळत नाही.

जमेच्या बाजूही सांगायला हव्यात. गाडी बुटकी असल्याने सहजी उलटत नाही. मात्र उलटलीच, तर डोक्यावर कापडच असतं. आणि दोनच सीट, म्हणजे मित्रांचं टोळकं मागे बसत नाही. तरुण ड्रायव्हरसोबत समवयस्क प्रवासी वाढले, की जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो. न्यू जर्सीत नवशिक्या तरुणांवर प्रवाशांच्या संख्येचं बंधन आहे, ते यामुळेच.

तर ताई, आमचं उत्तर असं. पहिलं वर्षभर नको. तेवढा काळ त्याला स्टॅबिलिटी कंट्रोल असलेली मध्यम आकाराची सेडान चालवू द्या. पाऊस, बर्फ, रात्र, सगळं अनुभवू द्या. नंतर मियाटाच हवी असेल, तर २०१२ किंवा त्यानंतरची बघा. टायरची नक्षी आणि वय तपासा. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. उन्हाळी टायरवर हिवाळ्यात गाडी काढू नये. आणि घसरती गाडी सावरायला शिकवणारा एक दिवसाचा वर्ग त्याला प्रशिक्षकासोबत करू द्या.

गाडीची आवड मोडू नका. मात्र ‘नाही’ म्हणताना ते किती दिवसांसाठी आणि का, हेही सांगा. वरचं ३३ आणि ६७चं गणित त्यालाच कागदावर करायला द्या. स्वतः केलेल्या गणितावर मुलं सहसा वाद घालत नाहीत.